तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स उघडायचा कधी?

उजव्या पायाच्या गिअरची, चार गिअरची जुनी बुलेट ज्यांच्याकडे आहे ते हमखास विचारतात: गिअर निसटतो, मध्येच खोटा न्यूट्रल (दोन गिअरच्या मध्ये कुठलाच गिअर न लागणं) लागतो, तर गिअरबॉक्स खोलून घेऊ का? आमचं उत्तर असतं, आधी खोलू नका. या गाडीचा अल्बियन बनावटीचा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा आहे आणि गिअरची म्हणून आणलेली तक्रार बरेचदा त्याच्या बाहेरच, क्लच किंवा जुळणीत सापडते.

सुरुवात क्लचपासून करा. इंजिन बंद, न्यूट्रल, क्लच पूर्ण ओढून हाताने किक दाबा. किक सैल गेली पाहिजे. इंजिन फिरवल्यासारखा जोर लागला तर क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून सुटत नाहीत. अशा गाडीत पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो आणि गरम झाल्यावर उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. उलट चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. दोन्हींत आधी केबल पाहा: लिव्हरपाशी २ ते ३ मिमी ढिल हवी. ती नसेल तर केबल पूर्ण सैल सोडून आतला स्क्रू आणि लॉकनट जुळवा, मगच केबल ताणा. नुसती केबल ओढत राहिलं की प्लेटा सतत अर्धवट दाबलेल्या राहतात आणि जळतात.

पुढे प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणारी. इंजिन हळूहळू फिरवत चेन सगळीकडे तपासा. सगळ्यात ताठ जागी वरखाली ६ मिमीच्या आसपास ढिल असावी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून एकाच जागी मोजून ताणली की दुसऱ्या जागी ती बेअरिंग खाते. ती घरघर गिअरबॉक्सची वाटते.

आता खोटा न्यूट्रल. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. एका हाताने मागचं चाक फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर सावकाश शेवटपर्यंत दाबा, प्रत्येक गिअर दोन्ही दिशांनी. एका दिशेला गिअर अपुरा लागतो आणि दुसऱ्या दिशेला पुढे निघून जातो, असं दिसलं तर रॅचेटची (लिव्हरच्या दाबाने एकेक गिअर पुढे सरकवणाऱ्या दातेरी भागाची) ऍडजस्टर प्लेट सरकलेली आहे. उजवीकडचं बाहेरचं झाकण काढा, प्लेटच्या जागेवर खूण करा, बोल्ट सैल करून ती केसभर सरकवा आणि पुन्हा तपासा. एका वेळी मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही दिशांना अपुराच लागत असेल तर प्लेट सरकवून उपयोग नाही. रॅचेटचे दात किंवा लिव्हरचे जोड झिजले आहेत. हे वेगळं ओळखता न आल्यानेच चांगले गिअरबॉक्स नाहक खोलले जातात.

जुळणी बरोबर आहे, तरी जोर पडताच गिअर बाहेर फेकला जातो, तर डॉगचे (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंट्यांचे) कोपरे गोल झालेत, सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलाय किंवा गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग मेली आहे. इथे मात्र उघडायलाच हवं. गोल झालेला डॉग बदलताना त्याचा जोडीदार गिअर आणि फोर्कही तपासा. एकटा नवा भाग जुन्यासोबत लवकर झिजतो.

आवाजाचं निदान चौथ्या गिअरवर होतं, आणि ही चाचणी फुकट आहे. टॉपमध्ये मेन शाफ्ट (क्लचकडून फिरणारा मुख्य दांडा) स्लीव्ह गिअरला, म्हणजे मागच्या चेनला फिरवणाऱ्या गिअरला, थेट जोडला जातो, ले शाफ्टवर (त्याला समांतर दुसऱ्या दांड्यावर) भार राहत नाही. आवाज पहिल्या तिन्ही गिअरमध्ये येऊन टॉपमध्ये जवळजवळ बंद होत असेल तर ले शाफ्टचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा गिअर. चारही गिअरमध्ये सारखा असेल तर गिअरबॉक्सचं मेन बेअरिंग, नाहीतर प्रायमरी आणि मागची अशा दोन्ही चेन. न्यूट्रलमध्ये येऊन क्लच ओढताच थांबला तर मेन शाफ्टचं बेअरिंग.

खोलण्याआधी जुनं ऑइल पांढऱ्या कपड्यावर काढा. करडी मळी चालते. चुंबकाला चिकटणारे तुकडे म्हणजे दात किंवा डॉग. पिवळसर, न चिकटणारे कण म्हणजे बुश. गळती थांबवायला घट्ट ग्रीस ठासू नका. फिरणाऱ्या गिअरने बाजूला सारलेलं ग्रीस परत येत नाही, आणि बुश कोरडे पडतात.