घंटागाडीत पाणी का भरायचं?

ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते वाहायला डिझेल जळतं आणि कचरा डेपोच्या दाबलेल्या ढिगात हवा नसल्यानं मिथेन तयार होतो. म्हणून ओला कचरा सोसायटीतच खत करून जिरवावा. एक बादली कचऱ्याला एक बादली सुका पालापाचोळा, वर मूठभर जुनं खत. आठवड्यातून दोनदा खालीवर. हे मिश्रण मुठीत आवळल्यावर एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली की वास आणि अळ्या येणारच. तेव्हा पाला वाढवा.

सुका कचरा कोरडाच द्या, भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव येत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळे ठेवा. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक हातानं वर्गीकरण करतात. त्यांना ते उघडे पॅड उचलायला लावणं अमानुष आहे.