तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पहाटे परत आले तेव्हा

"इतके महिने वाट बघितलीस, फोन आला, ऑपरेशनच्या दारापर्यंत पोचलीस आणि तिथून परत यावं लागलं. किती वाईट वाटलं असेल गं!"

गेल्या सात महिन्यांत हे मी घरच्यांकडून ऐकलं, मैत्रिणींकडून ऐकलं, रिहॅबला, म्हणजे श्वासाच्या व्यायामवर्गाला, माझ्या शेजारी सायकल मारणाऱ्या काकांकडूनही ऐकलं. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची. "हो ना, खूप," एवढंच म्हणते. बोलताना धाप लागते, त्यामुळे पुढचं कोणी विचारत नाही, आणि मी त्या धापेच्या आड लपते. लिहिताना थांबत थांबत लिहिता येतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माझा फायब्रोसिस (फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार), घरातलं ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटर यंत्राचं घरघरणं, तपासण्यांचं ते वर्ष, हे तुम्ही जवळून पाहिलं आहे. ते पुन्हा सांगत नाही. "तुझा नंबर कितवा?" याचं उत्तर मात्र एकदा देऊन टाकते. दुसऱ्याची फुप्फुसं बसवण्याच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी, थांबलेल्यांची यादी बँकेतल्या रांगेसारखी पुढे सरकत नाही. रक्तगट जुळायला हवा, छातीचा आकार जुळायला हवा, माझ्या रक्तातल्या अँटिबॉडीजनी त्या फुप्फुसांवर हल्ला करता कामा नये, आणि त्या दिवशी माझ्याहून जास्त गरज असलेला दुसरा कोणी नसावा. उद्या फोन येईल, नाहीतर वर्षभर येणार नाही. त्यामुळे मी मोबाइल उशाशी नाही, हातात घेऊन झोपते.

तो रात्री अकरा वीसला वाजला. हॉस्पिटलमधल्या, प्रत्यारोपणाचं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमनी विचारलं, ताप आहे का, नवीन खोकला आहे का, शेवटचं कधी खाल्लंत. मग म्हणाल्या, "आता पाणीसुद्धा घेऊ नका आणि निघा. पण अजून पक्कं नाही, हे लक्षात ठेवा." हे शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. नवऱ्याला ते नंतर आठवेना. मी मात्र वाटभर तेच धरून बसले होते. अजून पक्कं नाही. अजून पक्कं नाही.

बॅग दाराशी महिनोन् महिने तयारच होती. मुलगी उठून बसली, तिला मिठी मारली, आणि मला तिचा चेहरा नीट बघवला नाही. गाडीत नवरा सिलिंडरचा काटा बघत होता. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजनवर आमचा लहान सिलिंडर जेमतेम पावणेतीन तास पुरतो, म्हणून त्याने दोन घेतले होते. "अगं, बोल ना काहीतरी," तो म्हणाला. मी ऑक्सिजन वाचवतेय, असं सांगितलं. ते खोटं होतं.

पोचल्यावर सगळं भराभर झालं. रक्ताच्या नळ्या मोजायचा प्रयत्न केला, नवापर्यंत मोजल्या. एक्स-रे झाला. जंतुनाशक साबणाने अंग पुसलं. कागदांवर सह्या केल्या. भूलतज्ज्ञ येऊन पाठीतून वेदनाशामक कसं देणार ते समजावून गेले. मग सर्जन म्हणाले, त्यांची माणसं तिकडे, दात्याजवळ पोचली आहेत. दुर्बीण घालून श्वासनलिका बघतील, रक्तातला ऑक्सिजन तपासतील, छाती उघडल्यावर फुप्फुसं डोळ्यांनी बघतील, हाताने चाचपतील. तिथून "हो" आलं की मला आत घेणार. नेहमीच्या पद्धतीने बर्फात फुप्फुसं शरीराबाहेर साधारण सहा ते आठ तासच ठेवता येतात, म्हणून दोन्हीकडची घड्याळं एकत्र चालतात.

त्यानंतर मला नुसतं पडून राहायचं होतं. स्ट्रेचरवर, छतावरच्या एका दिव्याखाली. मी त्या दिव्याकडे बघत स्वतःशी काय म्हणत होते, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "नको येऊ दे. आज नको. अजून एक महिना दे." ज्या गोष्टीसाठी वजन उतरवलं, दात काढून घेतले, रोज नाकात नळ्या घालून ट्रेडमिलवर चालले, ती शेजारच्या खोलीपर्यंत आली होती आणि मला ती नको होती.

चार वाजून दहा मिनिटांनी सर्जन स्वतः आले. स्टूल ओढून बसले. त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. म्हणाले, "फुप्फुसांत पाणी साचलंय. शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातला आकडा ३०० पर्यंत जात नाहीये. अशी फुप्फुसं मी तुमच्या छातीत बसवणार नाही."

नवऱ्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अंगावरून दगड उचलावा तसं. मी हुंदके देऊन रडले. नर्स पाठ थोपटत राहिली, "येईल हो पुन्हा फोन." तिला वाटलं, मी निराशेने रडतेय. नवऱ्याला तेच वाटलं, तुम्हा सगळ्यांनाही तेच वाटलं. मी वाटू दिलं.

तर, तुम्ही विचारलंत ना, किती वाईट वाटलं? त्या पहाटे मला वाईट वाटलं नाही.

आता माझी बाजू मांडते, कारण हे वाचून कोणीतरी "कृतघ्न" म्हणणारच. या ऑपरेशननंतर साधारण निम्मे लोक सहा-सात वर्षं गाठतात, उरलेले नाहीत. त्यातले काही पहिल्या महिन्यातच जातात. ज्यांचं सगळं नीट होतं, त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि तरीही शरीर हळूहळू नवी फुप्फुसं नाकारू शकतं. आज मी वाईट श्वास घेते, पण घेते. तो थांबवून दुसऱ्याच्या श्वासावर जायचं, मधले काही तास कशावर असेन ते कळणारही नाही. या क्षणी भीती वाटणं हा गुन्हा आहे का?

यादीत नाव लागण्याआधीची मी हे ऐकून घेणार नाही. ती मानसोपचारतज्ज्ञांसमोर ताठ बसून "मी पूर्ण तयार आहे" म्हणाली होती, आणि तेव्हा ते खरंच होतं. तिने रात्र रात्र वाचून काढलं होतं. १९६३ मध्ये डॉक्टर जेम्स हार्डी यांनी माणसात पहिल्यांदा फुप्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, टोरांटोत डॉक्टर जोएल कूपर यांच्या रुग्णाने सहा वर्षांहून जास्त काढली. तिला त्यात सहा वर्षं दिसायची. मुलगी बारा वर्षांची, बारा आणि सहा अठरा, असा हिशोब तिने वहीत लिहून ठेवलाय. मला हल्ली त्याच वाचनातले १८ दिवस दिसतात. आकडे तेच आहेत. आमच्या दोघींत कोण बरोबर, हे मी ठरवू शकलेले नाही.

"मग नाव काढून टाक," असं ताई एकदा चिडून म्हणाली. ताई, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत दीड वर्षापूर्वी मी ४१० मीटर चालले होते, आता २१५. बसल्या जागी दोन लिटर लागायचे, आता चार. माझा आजार मागे फिरत नाही. फार लवकर ऑपरेशन केलं तर उरलेले बरे दिवस वाया, फार उशीर झाला तर शरीर ते सोसणार नाही, आणि मग तेच नाव काढून टाकतील. मला जगायचंय. ऑपरेशन हवंय. फक्त ज्या रात्री ते येईल, ती रात्र मला नको आहे. हे दोन्ही खरं कसं, ते मला समजावता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. लोक दबक्या आवाजात विचारतात, "कोणीतरी जायची वाट बघायची, कसं वाटतं?" त्याला माझं उत्तर पाठ आहे. कोणी माझ्यासाठी जात नाही, माझी वाट बघणं कोणाचा अपघात घडवत नाही. हे मी अजूनही मानते. पण त्या रात्री कुठल्यातरी दवाखान्यात एक कुटुंब बसलं होतं. ज्याचा ऊर अजून व्हेंटिलेटरवर वरखाली होत होता, त्या माणसाबद्दल त्यांनी "हो, द्या" म्हटलं होतं. फुप्फुसं सगळ्यांत नाजूक, पाचातल्या जेमतेम एका दात्याची वापरता येतात, म्हणजे यात कोणाचाच दोष नव्हता. मूत्रपिंडं, यकृत कोणाला मिळालं असेल. मी विचारलं, पण ते सांगत नाहीत. त्यांच्या त्या "हो"मधला माझा वाटा पोचला नाही, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. माझी लाज इथे आहे. तुमच्यापासून लपवत होते ते हे.

मागच्या आठवड्यात रात्री मोबाइल वाजला. चुकीचा नंबर होता. मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने तुमच्यासारखं "किती वाईट वाटलं असेल" म्हटलं नाही. विचारलं, "आई, पुन्हा खरा फोन आला तर जाशील ना?"

"हो," म्हणाले. धाप लागली होती, म्हणून उत्तराला वेळ लागला. तिला तसंच वाटलं असेल, बहुतेक.