नॉर्वेतला निंबाळकर

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरात राहायला आल्यापासून माझ्या आडनावाचे ‘निम्बाल्कार’ झाले आहे. पासपोर्टवर ‘ळ’साठी रोमन ‘एल’च छापलेला असल्याने वाचणाऱ्याचा त्यात दोष नाही. येथील काही भारतीय स्नेही आडनाव आखूड करून घेण्याचा सल्ला देतात. तो मला पटत नाही, कारण हे आडनाव ज्या रीतीने घडले ती रीत या देशाला मुळीच परकी नाही.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात निंबळक नावाचे गाव आहे. फलटणच्या राजघराण्याचे मूळ आडनाव पवार असून या गावच्या वास्तव्यावरून ते निंबाळकर म्हणवू लागले, असे सांगितले जाते. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. (हे सांगितले की ‘म्हणजे तुम्ही राजघराण्यातले?’ असा प्रश्न ठरलेला असतो. आमच्या वाट्याला राज्य आले नाही, नीरा उजव्या कालव्याखालचा ऊस आला.) खरे तर गावात असेपर्यंत गावाच्या नावाने कोणी कोणाला ओळखत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात, माणूस वेस ओलांडून दुसरीकडे नांदू लागला की लोक त्याला ‘कर’ जोडतात.

नॉर्वेत 1923 च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव घ्यावे लागले. त्यापूर्वी खेड्यातला माणूस आधी स्वतःचे नाव, मग ‘सेन’ जोडून वडिलांचे नाव आणि शेवटी तो ज्या शेतवाडीवर राहत असे तिचे नाव सांगत असे. ऊला हान्सेन हाउगेन म्हणजे हाउगेन वाडीवरचा, हान्सचा मुलगा ऊला. आपल्या शाळेच्या दाखल्यावर नाव लिहिण्याची पद्धत याहून वेगळी ती काय? मात्र येथे वाडी बदलली की शेवटचे नावही बदलत असे, आणि आपल्याकडे गाव सुटले तरी ‘कर’ सुटत नाही. किर्लोस्करांचे किर्लोस कोकणात राहिले. पुढे 1910 मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात, कुंडलजवळच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा आडनावावरूनच नव्या गावाचे नाव पडले.

उच्चाराचे म्हणाल, तर नॉर्वेजियन माणसाला मूर्धन्य वर्ण जड जात नाहीत. ‘आर’ आणि ‘एन’ लागोपाठ आले की ते त्यांचा ‘ण’ करतात, त्यामुळे मुलाला ‘बार्न’ लिहून ‘बाण’ म्हणतात. ट्रॉन्डहाइमच्या आसपासच्या ग्रामीण बोलीत तर ‘जाड एल’ही आहे, जीभ मागे वळवून पुढे झटकली की निघणारा, ‘ड’ आणि ‘ळ’ यांच्या मधला. शहरी शिष्टांनी तो गावंढळ ठरवला, तरी खेड्यातल्या ‘सूल’ला, म्हणजे सूर्याला, तो चिकटून आहे. शेतवाडीवर वाढलेल्या एका सहकाऱ्यांना मी म्हटले, आजोबांच्या बोलीत सूर्य म्हणा आणि तोच ‘एल’ माझ्या आडनावात घाला. चारचौघांत तसे बोलायला ते आधी संकोचले, पण मग स्वच्छ ‘निंबाळकार’ म्हणाले. शेवटच्या ‘अ’ला मात्र इलाज नाही.

जाधवांची स्थिती आणखी मजेची आहे. नॉर्वेजियन माणूस रोमन ‘जे’ला ‘य’ म्हणतो, त्यामुळे येथे त्यांची हाक ‘यादाव’ अशी येते. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्यांनी याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?