एकाच दाराचे दोन अडसर

भूलतज्ज्ञ म्हणून केटामाइनची कुपी माझ्या रोजच्या हाताळणीतली, तर स्मृतिभ्रंशावरच्या मेमँटिनची १० मिलिग्रॅमची गोळी माझ्या आत्याच्या औषधांच्या डब्यातली. केटामाइन शिरेतून दिल्यावर मिनिटभरात रुग्णाचा भोवतालाशी संबंध तुटतो. डोळे उघडेच असतात, बुबुळे सावकाश इकडून तिकडे हलतात, श्वास चालू राहतो, पण चीर दिलेली त्याला कळत नाही. आत्या मात्र गोळी घेऊन चहा पिते, वर्तमानपत्राचे मथळे मोठ्याने वाचते आणि ‘तू कधी आलास?’ असे मला दुसऱ्यांदा विचारते. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र या दोन्ही औषधांची ओळख एकच होती : एनएमडीए रिसेप्टरची, म्हणजे चेतापेशीच्या आवरणातल्या एका संदेशग्राही प्रथिनाची, वाहिनी अडवणारी.

ती ओळ चुकीची नाही, अपुरी आहे. ग्लूटामेट आणि ग्लायसिन हे संदेशवाहक रेणू आपापल्या जागी बसल्याखेरीज ही वाहिनी उघडत नाही, आणि उघडली तरी चेतापेशी शांत असेतोवर मॅग्नेशियमचा आयन तिच्यात अडकून असतो. पेशी पुरेशी उद्दीपित झाली की तो निसटतो आणि कॅल्शियम आत शिरते. दोन्ही औषधे उघड्या वाहिनीतच शिरतात व मॅग्नेशियमच्या जागेपाशीच बसतात. मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात दोघांची ताकदही जवळपास सारखीच भरते : निम्मा प्रवाह अडवायला दोघांचीही १ मायक्रोमोलरच्या आसपासची, म्हणजे अगदी अल्प, संहती पुरते.

मग फरक कुठे? एक तर बाहेर पडण्यात. ग्लूटामेट सुटला की वाहिनी मिटते आणि केटामाइन आतच कोंडले जाते; मेमँटिनचा काही अंश मात्र त्याआधीच निसटतो. याच वाहिनीत बसणाऱ्या एमके-८०१ या संयुगाची गत तर केटामाइनच्याही पलीकडची : ते इतके सावकाश सुटते की त्याचा परिणाम लवकर आवरता येत नाही. १९८९ साली उंदरांच्या मेंदूतील पेशींत त्याने पोकळ्या पडलेल्या दिसल्या, आणि औषध म्हणून ते कधी बाजारात आले नाही. (अशा पोकळ्या केटामाइननेही पडल्या होत्या, हे सोयीस्करपणे विसरले जाते.)

दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. ग्लूटामेट फार वेळ रेंगाळला आणि कॅल्शियम साचले की रिसेप्टर स्वतःहूनच प्रतिसाद देईनासा होतो. २ए नावाचा प्रथिन-घटक असलेल्या एनएमडीए रिसेप्टरांची ही सुन्न अवस्था मेमँटिन टिकवून धरते, केटामाइन तसे करत नाही. म्हणजे जिथे अतिरेक चालला आहे तिथे मेमँटिनचा दाब वाढतो. अर्थात आत्याच्या स्वस्थतेचे सगळे श्रेय या रेणूच्या चतुराईला देणे मला पटत नाही. तिचा रोजचा डोस दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने वाढवत २० वर नेला होता, आणि मेमँटिनचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६० ते ८० तासांचे आहे, केटामाइनचे जेमतेम २ ते ३. केटामाइनने काही तासांत उतरणारे नैराश्य २० मिलिग्रॅम मेमँटिनने मात्र हलले नाही, असे २००६ च्या चाचणीत दिसले. ते रेणूमुळे की या संथ, अल्प मात्रेमुळे, हे त्या एका चाचणीवरून ठरत नाही.