सेसना १५० मध्ये कारचं इंजिन: 'एक्सपेरिमेंटल' दाखला मिळवताना

माझ्या सेसना १५० या छोट्या विमानात मी सुबारू कारचं इंजिन बसवलंय. "सुबारूचं इंजिन बसवलंस, म्हणजे तुझं विमान आता होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेलं, झालं ना?" इथे ओहायोत भेटणारे मराठी मित्र हमखास विचारतात. नाही झालं, आणि होणारही नाही. अमेरिकेत होमबिल्ट, म्हणजे कागदोपत्री 'अमॅच्युअर-बिल्ट', म्हणून नोंद व्हायला विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौसेपोटी किंवा शिकण्यासाठी कुणीतरी स्वतः घडवलेला असावा लागतो. माझी सेसना १५० कॅन्ससच्या कारखान्यात तयार झालेली. नुसतं इंजिन बदलल्याने पंख, शेपूट आणि सांगाडा माझ्या हातचा ठरत नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) इन्स्पेक्टरने पहिल्याच भेटीत हे नीट समजावलं.

दुसरी वाट म्हणजे बदललेलं इंजिन रीतसर प्रमाणित करून घेणं. ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. १९८० च्या दशकात पोर्शेने ९११ च्या इंजिनावरून विमानाचं इंजिन बेतलं, प्रमाणित केलं, मूनी विमानात बसवलं, आणि काही वर्षांत त्यातून अंग काढून घेतलं. मर्सिडीजच्या डिझेलवर बेतलेलं थीलर्टचं इंजिन २००२ मध्ये प्रमाणित झालं, पण त्यामागे अख्खी कंपनी उभी होती.

उरला 'संशोधन आणि विकास' या कामासाठीचा एक्सपेरिमेंटल दाखला, म्हणजे प्रयोगापुरती उडायची परवानगी. अर्जाचा फॉर्म साधा आहे. खरा कस लागतो सोबतच्या पत्रात. प्रयोगाचा उद्देश काय, त्यासाठी किती वेळ किंवा किती उड्डाणं लागतील, ती कोणत्या भागावरून होतील, हे सगळं लिहून द्यावं लागतं. विमानाचं बाह्यरूप बदललं असेल तर तीन बाजूंची रेखाचित्रं किंवा मोजमापांसह फोटोही. रेडिएटरसाठी नाकाखाली हवेचं तोंड काढल्यामुळे मला ते द्यावे लागले.

उद्देशाच्या रकान्यात 'खर्च कमी करणे' लिहून भागत नाही, आणि भागू नयेच असं माझं ठाम मत आहे. मोजण्यासारखं काही नसेल तर या वाटेला जाऊच नये. मी दोन गोष्टी मोजणार होतो, चढताना कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान आणि इंजिन व प्रोपेलर जोडणाऱ्या बेल्टची थरथर.

बेल्टचं कारण असं. मूळचं काँटिनेंटल ओ-२०० इंजिन मिनिटाला २७५० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देतं, त्यामुळे प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) बसतो. सुबारू ईजे२२ पूर्ण ताकद देतं पाच हजारांच्या वर. त्या गतीने प्रोपेलर फिरवला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील. म्हणून मध्ये वेग निम्म्यावर आणणारा बेल्ट. पण चार सिलिंडरची ताकद झटक्याझटक्याने येते, आणि जड प्रोपेलर ते झटके उलटे बेल्टवर आणतो. जमिनीवर इंजिन चालवताना हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास बेल्ट असा फडफडायचा की इंजिनावरच्या झाकणावर ठेवलेल्या हाताला ते जाणवायचं. थोडा वेग वाढवला की एकदम शांत. आम्ही आयडल (इंजिनाची किमान गती) त्या फेऱ्यांच्या वर नेऊन ठेवलं आणि दर वेळी थरथरीची नोंद घेतली. माझ्यासोबतचा मेकॅनिक आयुष्यभर विमानांचीच इंजिनं खोलत आलेला. त्या नोंदी बघितल्याशिवाय तो पुढच्या टप्प्याला होकार देत नसे, आणि मला त्याचा मोठा आधार वाटायचा.

इन्स्पेक्टरने सगळ्यात जास्त वेळ विजेवर घालवला. ओ-२०० ला दोन मॅग्नेटो असतात, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी तयार करणारी यंत्रं. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं. कारच्या इंजिनाला ठिणगीही विजेची आणि पेट्रोलचा पंपही विजेचा. त्यामुळे दोन बॅटऱ्या, दोन पंप, वेगवेगळे स्विच. अल्टरनेटर बंद करून नुसत्या बॅटरीवर इंजिन किती वेळ तग धरतं ते त्याच्यासमोर चालवून दाखवलं. मग तीन काट्यांवर विमानाचं वजन आणि तोल नव्याने काढले.

कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना डीजीसीएची (भारताच्या विमान वाहतूक नियामकाची) नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं. त्यांना वाटच तयार करावी लागली. मला आखलेल्या वाटेने चालायचं होतं, हा फरक मी विसरत नाही.

दाखला हातात आला तो अटींसकट. कारखान्यातल्या मूळ रूपातल्या विमानाला असतो तो जुना स्टँडर्ड दाखला जमा करावा लागला. दाराजवळ किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' रंगवलं. प्रवासी नाही, भाडं नाही, नेमून दिलेल्या भागाबाहेर चाचणी नाही. बायकोला घेऊन लेक एरीवर चक्कर मारणं बंद झालं, आणि ते मला अजून सलतं. कुणी विचारलं तर हे मी सगळ्यात आधी सांगतो.

परत स्टँडर्डमध्ये यायचं तर मूळ इंजिन बसवून विमान मूळ आराखड्याबरहुकूम असल्याचं तपासून घ्यावं लागतं. म्हणून ओ-२०० तेल भरून, झाकून, कागदपत्रांसह हँगरमध्ये जपून ठेवलंय. दाखला मुदतीचा असतो. मुदतवाढीच्या अर्जात या वेळी एकच उद्देश लिहिलाय: भर उन्हाळ्यात, पूर्ण वजनाने चढताना रेडिएटर पुरा पडतो का.