सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड पुठ्ठ्यांवरून निळे छाप : माझा अनुभव

जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तसे नक्षीचे जुने, भोकं पाडलेले पुठ्ठे रद्दीच्या भावात जाऊ लागले. एका पुठ्ठ्यात बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ साठवलेली असते. संच गेला की नक्षीही गेली. असा एक संच हाती आला, तेव्हा मी तो आधी वाचला आणि मगच त्याचे मांजरपाटावर सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटणारे निळे, छाप काढले. न वाचता काढलेला छाप म्हणजे नुसते ठिपके.

400 च्या (सुमारे 400 हुकांच्या) जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर 8 भोकांच्या 51 रांगा बसतात, म्हणजे 408 जागा. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक पट्टीवर अडकून राहतो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. ग्राफपेपरवर भोक तिथे चौकोन भरत गेलो. पुठ्ठ्यांची माळ मात्र अजिबात उसवू नये. एकदा क्रम हरवला की जुळवताना आठवडे जातात.

पहिल्या ग्राफवर मोर बुटका आला. ताणा इंचाला 48 आणि बाणा 36 असेल, तर चौकोनाची रुंदी-उंची 3:4 हवी, साधा चौकोनी ग्राफ चालत नाही. दुसरी गफलत दोन रंगांच्या बाण्याची. माझ्या संचात एकाआड एक पुठ्ठा वेगळ्या रंगाचा होता. सलग उतरवल्यावर नुसती खरखर दिसली, सम-विषम वेगळे केले तेव्हा वेल उमटला. डावं-उजवं ओळखायला कोपऱ्यात विणलेली अक्षरं बघावीत. ती उलटी आली तर वाचनाची दिशा चुकली.

आता छाप. मांजरपाटाची खळ सोड्याच्या उकळत्या पाण्यात पूर्ण काढायची, नाहीतर द्रावण डागाडागांनी बसतं. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळं ठेवून लावायच्या वेळीच समभाग मिसळायचं. हातमोजे घालावेत. कापड अंधारात कडकडीत वाळवायचं. दमट राहिलं तर पुठ्ठ्याला डाग पडतो. मध्ये पातळ पारदर्शक प्लास्टिक, वर पुठ्ठे, त्यावर काच, आणि चिमटे घट्ट.

ऊन तिरपं असेल तर पुठ्ठ्याच्या जाडीमुळे भोकाची सावली पडते आणि गोल ठिपका एका बाजूने कापल्यासारखा येतो. म्हणून फळी सूर्याच्या थेट समोर कलती धरावी. कडक उन्हात मला 12 ते 15 मिनिटं लागली. उघडा भाग करडा-तपकिरी झाला की उचलायचं. बोअरच्या जड पाण्यात निळा रंग फिका पडतो, म्हणून पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. साबण किंवा सोडा नंतर कधीच नाही.

काही भोकांवर कागदाचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात. पंचिंगमध्ये चुकून पडलेली भोकं कारागिराने तशी बुजवलेली असतात. ते तुकडे मी काढले नाहीत. छापात तिथे एकेक ठिपका पांढरा राहतो, आणि पुठ्ठ्यावर वाकलेला तो हात तिथेच दिसतो.