रनर ग्राइंडरमध्ये का नाही टाकायचा

आमच्या घरात प्लास्टिकचं काहीच वाया जात नाही. आप्पांचं जळगाव एमआयडीसीत चटईचं युनिट होतं, अजूनही एक मशीन चालू आहे, आणि चटईचा धंदा म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकचा रिप्रो दाणा, म्हणजे भंगारापासून परत केलेला, भंगारवाल्याकडून आलेली पोती, आणि दिवसभर घरघरणारा ग्राइंडर. तुकडा पडला की उचल, ग्राइंडरमध्ये टाक, परत दाणा कर. याच सवयीवर आमचं घर उभं राहिलं, माझं डिप्लोमाचं शिक्षण पण त्यातच झालं.

म्हणून मी पहिल्यांदा मेडिकलचं काम घेतलं आणि शॉटमागे पडणारा रनर (साच्याच्या वाटेत गोठून पार्टसोबत निघणारा जादा तुकडा) वेगळ्या लाल डब्यात टाकायला लागलो तेव्हा आप्पा मशीनजवळ येऊन उभे राहिले, डब्यात हात घालून मूठभर रनर बाहेर काढले, काचेसारखे स्वच्छ, आणि म्हणाले, "पैसा फेकी ऱ्हायना का रे तू?" आम्ही मूळचे अमळनेरकडचे, आप्पा चिडले की अहिराणीवर येतात. मी तेव्हा एवढंच म्हटलं की आप्पा, गिऱ्हाईकाने लिहून घेतलंय. त्यांना पटलं नाही. आणि खरं सांगतो, का टाकायचा नाही हे तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

आम्ही बनवतो ते म्हणजे सलाईनच्या लाईनला जो थ्री-वे लावतात त्याची बॉडी, आणि ल्युअर कनेक्टर, म्हणजे सिरिंज जोडायचं तोंड. दवाखान्यात पेशंटच्या हाताजवळ ती छोटी नळाच्या चावीसारखी वस्तू असते ना, सिस्टर फिरवतात, तीच. मटेरियल पॉलिकार्बोनेट. तो ल्युअरचा भाग सरळ नसतो, त्याला ६ टक्के टेपर असतो, म्हणजे तो किंचित निमुळता असतो, आणि जगात कुठलीही सिरिंज कुठल्याही थ्री-वेला बसावी म्हणून त्याची मापं ठरवणारं स्टँडर्ड आहे, आयएसओ ८०३६९-७. घट्ट बसतो तो टेपरमुळे, म्हणजे एकदा सिस्टरने सिरिंज पिळून बसवली की बाहेरचा भाग सतत ताणाखाली असतो, तासन्‌तास. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला मी दाणा एका ट्रेडरकडून घ्यायचो. पीसीच (पॉलिकार्बोनेट), पारदर्शक, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतो त्याचा आकडा) तोच, पोतं २५ किलोचं, आणि मोठ्या कंपनीच्या मेडिकल ग्रेडपेक्षा बराच स्वस्त. फक्त ट्रायल आणि सॅम्पल चालले होते तेव्हा. लॉटचं सर्टिफिकेट मागितलं तर म्हणे देतो देतो, आणि आठवड्याने एक झेरॉक्स आली ज्याच्यावरचा लॉट नंबर पोत्यावरच्या नंबराशी जुळतच नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं की हा माल पेशंटच्या लाईनमध्ये जाणार नाही.

मग खरा मेडिकल ग्रेड शोधायला लागलो आणि तिथे वेगळाच त्रास. मोठ्या दाणा कंपन्यांना आमच्यासारखा महिन्याला थोडी पोती घेणारा माणूस दिसतच नाही, मेल टाका, उत्तर नाही, फोन केला तर किमान ऑर्डर सांगतात ती आमच्या दोन वर्षांची. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. लहान गावातल्या लहान युनिटने मेडिकलमध्ये यायचं असेल तर कोणीतरी पोतं फोडून द्यायला नको, पण पोती मोजून तरी द्यायला पाहिजेत, कागदासकट. शेवटी एक अधिकृत डिस्ट्रिब्युटर मिळाला आणि त्यांच्याकडे एक टेक्निकलच्या मॅडम होत्या, त्यांच्यामुळे मी आज हे लिहितोय.

मॅडमनी पहिल्याच फोनवर भाव सांगितलाच नाही. फॉर्म पाठवला. वस्तू काय आहे, शरीराला किंवा रक्ताला लागते का, किती वेळ लागते, स्टरलायझेशन ईटीओने (इथिलीन ऑक्साइड वायूने) की गॅमा किरणांनी. मला वाटलं एवढं कशाला विचारतात, दाणा विकायचाय ना. नंतर कळलं की बरेच दाणा उत्पादक ३० दिवसांपेक्षा जास्त शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी आपला नेहमीचा मेडिकल ग्रेड देतच नाहीत, म्हणून आधी विचारतात. आणि मेडिकल ग्रेड म्हणजे काही दाण्याला वेगळा चमत्कार नसतो, त्या ग्रेडची शरीराला चालतो का याची आयएसओ १०९९३ किंवा यूएसपी क्लास सिक्सप्रमाणे टेस्ट झालेली असते, फॉर्म्युला बांधून ठेवलेला असतो, आणि काही बदल करायचा झाला तर आधी कळवायची हमी असते. त्यांनी हेही सांगून टाकलं की आमचं सर्टिफिकेट दाखवून तुमचा पार्ट पास होत नाही, मोल्डिंग आणि स्टरलायझेशन झाल्यावर तयार वस्तूची टेस्ट वेगळीच लागते. विकणारा माणूस स्वतःच्या कागदाची मर्यादा सांगतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

आणि मग तो श्रावण. गिऱ्हाईकाचा फोन, कनेक्टर तडकतायत. सगळे नाही, काहीच, पण आयसीयूत फॅटचं इमल्शन (शिरेतून देतात ते चरबीचं दुधाळ द्रव) चालू असताना लाईन गळायला लागली आणि सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. मी तो परत आलेला पार्ट भिंगाखाली धरला तर तोंडाच्या कडेपासून आत केसासारखी रेघ गेलेली, उजेडात तिरका केला की चांदीसारखी चमकायची. रात्री झोप लागली नाही. कोणाच्या तरी आईच्या हाताला ते लावलं होतं.

मॅडमना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, ड्रायर कुठला आहे?" म्हटलं हॉपर ड्रायर, १२० डिग्री, ४ तास, बरोबर तुम्ही सांगितल्याप्रमाणे. "गरम हवा कुठून घेतो तो?" शेडमधूनच घेणार ना. तिथेच सापडलं अर्धं. मे महिन्यात जळगावची हवा इतकी कोरडी की साधा ड्रायर पण काम करून जातो, पण श्रावणात तीच ओली हवा तापवून दाण्यावर सोडली तर दाणा कोरडा होणार कसा. पीसीला मोल्डिंगच्या आधी ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली लागतो. त्याच्या वर असला तर बॅरलमध्ये २८०-३०० डिग्रीला पाणी पीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, पार्ट दिसायला बऱ्यापैकी ठीक, पण आतून कमकुवत. मॅडमनी आमचा दाणा आणि आमचे पार्ट दोन्ही मागवून एमएफआय काढला, पार्टचा आकडा दाण्यापेक्षा बराच वर आलेला, साखळ्या लहान झाल्या की प्लास्टिक जास्त सहज वाहतं. म्हणजे साखळ्या तुटल्यात. यासाठी त्यांनी एक रुपया घेतला नाही.

उरलेलं अर्धं कारण मी स्वतः होतो. ऑर्डर वाढली म्हणून सायकल टाईम कमी करायला मी मोल्डचं तापमान खाली आणलं होतं. पीसीला मोल्ड गरम लागतो, ८० डिग्रीच्या वरच, थंड मोल्डमध्ये तो झटकन गोठतो आणि ताण आतमध्येच अडकून राहतो. मॅडम स्वतः जळगावला आल्या आणि येताना टोल्यूइन आणि प्रोपेनॉलचं मिश्रण घेऊन आल्या, आत ताण असेल तर पार्ट त्यात तडकतो. काचेच्या भांड्यात आमचे पाच पार्ट सोडले, मी, आप्पा आणि ऑपरेटर तिघं वाकून बघत होतो. दोन पार्टला गेटजवळून (जिथून प्लास्टिक साच्यात शिरतं) आणि ल्युअरच्या तोंडाला बघता बघता रेघा फुटल्या. मग मोल्ड गरम करून काढलेले पाच सोडले, ते तसेच पडून राहिले, पाण्यातल्या गारगोटीसारखे. फॅटचं इमल्शन किंवा स्पिरिटचा बोळा तडा जायचं निमित्त होतो, ताण आपणच भरून दिलेला असतो, आणि वरून सिस्टरने पिळून घट्ट केलेल्या टेपरचा ताण. हे तिन्ही एकत्र आले की रेघ.

आप्पांनी तेव्हा विचारलं, "मग ताई, रनर परत वापरला तर?" मॅडम म्हणाल्या, काका, रनर एकदा तापून निघालेला असतो, म्हणजे त्याच्या साखळ्या आधीच थोड्या तुटलेल्या, वरून तो ग्राइंडरच्या पात्याचा आणि धुळीचा माल, आणि किती टक्के मिसळला हे कोणी लिहून ठेवत नाही, उद्या तक्रार आली तर लॉट शोधणार कसा. आप्पा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मेडिकलच्या खोलीच्या दारावर कुलूप लावलं आणि चटईच्या ग्राइंडरची जागा शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली. शेजारी जिनिंग आहे, कापसाच्या सीझनमध्ये रुवा इतका उडतो की पांढरी टोपी आपोआप चढते, म्हणून खोलीला फिल्टरची हवा आणि पास बॉक्स (माल आत-बाहेर द्यायची दोन दारांची पेटी) नंतर केलाच. खोलीच्या स्वच्छतेचा आयएसओ क्लास ८ म्हणजे एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे मिळून ३५ लाख २० हजार कण चालतात, ऐकायला भरपूर वाटतं, पण आमच्या शेडमध्ये ते टिकवायला वर्ष गेलं.

डीह्युमिडिफायिंग ड्रायर, म्हणजे हवेतला ओलावा आधी काढणारा, कर्ज काढून घेतला. त्या श्रावणातले सगळे लॉट परत मागवले आणि मोडले, पैसे गेले, गिऱ्हाईक राहिलं.

त्यानंतर एकदाच घाबरलो, पहिल्यांदा गॅमा झालेले सॅम्पल आले तेव्हा. २५ किलोग्रे डोसला पाठवले होते आणि परत आले ते पिवळट हिरवे. मॅडमना फोटो टाकला, त्या म्हणाल्या थांबा, थोडे दिवस उजेडात ठेवा आणि मग बघा. रंग बराच उतरला, पूर्ण नाही. गॅमासाठी वेगळा ग्रेड असतो, त्याला मुळातच किंचित निळसर झाक दिलेली असते म्हणजे पिवळेपणा डोळ्याला कमी दिसतो, आता आम्ही तोच घेतो.

परवा एक पत्र आलंय. आम्ही वापरतो तो ग्रेड कंपनी दुसऱ्या प्लांटमध्ये बनवणार आहे, फॉर्म्युला तोच, जागा वेगळी, आणि तरी त्यांनी कित्येक महिने आधी कळवलंय, सोबत नव्या प्लांटच्या तीन लॉटचे सॅम्पल. ट्रेडर असता तर पोतं बदललं असतं आणि मला कळलंही नसतं. सोमवारी ट्रायल आहे. तिन्ही लॉट वेगवेगळे सुकवायचे, वेगवेगळे मोल्ड करायचे, प्रत्येकाचे पार्ट त्या मिश्रणात सोडायचे. पोत्यांवर नंबर आप्पांनीच घातलेत, लाल खडूने, चटईच्या गाठींवर घालायचे तसे मोठ्ठे.